झग्यातल्या पट्ट्या

क्रिस्टीनाला वाकता येईना.

शेवटच्या अंकाला पाच मिनिटं होती आणि ग्लेन विंगेत डोक्याला हात लावून उभा होता. नाटक त्यानं बसवलं होतं. "वाकत नाही म्हणजे? अगं, राजा शेवटी जमिनीवर मुटकुळं करून मरतो. महिनाभर तेच करतोय ना आपण?"

"बघ ना तूच." तिनं पुन्हा प्रयत्न केला. झग्याच्या पाठीत, मानेपासून घोट्यापर्यंत, ॲल्युमिनियमच्या अखंड पट्ट्या शिवलेल्या होत्या. बसायला गेलं की त्या बरगड्यांत रुतत.

"पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी लावायच्या असतात. सेबॅस्टियन अंकलना शिवणकाम सांगितलं कोणी?" ग्लेन बोलता बोलता थांबला. "सॉरी."

सेबॅस्टियन म्हणजे तिचे पप्पा. तीस वर्षं त्यांनी इथं आखातात, गाला भागातल्या वर्कशॉपमध्ये काचा कापल्या, बसवल्या. इथल्या वसईकरांच्या मंडळासाठी हे नाटक त्यांनीच लिहिलं होतं. फ्रान्सचा सहावा चार्ल्स. अकराव्या वर्षी गादीवर बसला. तेविसाव्या वर्षी, ऑगस्टच्या उन्हात, रानातून जाताना कोणाच्या तरी हातून भाला खणकन पडला आणि राजानं तलवार उपसून आपलीच माणसं कापली. पुढे तो बायकोला ओळखेना, स्वतःचं नाव सांगेना. आपण काचेचे आहोत, कोणी शिवलं तर फुटू, असं त्याला वाटे. म्हणून तो कपड्यांत लोखंडी कांबी शिवून घेई. काकांनी, भावांनी राज्याचे लचके तोडले. शेवटी पोटच्या मुलाला डावलून त्यानं शत्रूलाच वारस नेमलं. तरीही लोक त्याला 'लाडका राजा' म्हणत राहिले.

राजाचं काम पप्पा स्वतः करणार होते. सीब भागातल्या घरी रोज संध्याकाळी ते वाक्यं म्हणत आणि क्रिस्टीना वही धरून बसे. स्वतः लिहिलेल्या वाक्यांवरच ते अडखळत. इतके, की तीच वैतागून पुढचं वाक्य म्हणून टाकी. पाच आठवड्यांपूर्वी, मार्चमध्ये, ते गेले. नाटक रद्द करायचं म्हणून मंडळ बसलं, तेव्हा सगळा राजा पाठ असलेलं माणूस एकच निघालं. मम्मीनं अंगावरचे काळे कपडे सावरले आणि ती एवढंच म्हणाली, "कर तू."

झगा मात्र वर्कशॉपातच राहिला होता. तो आज, अर्ध्या तासापूर्वी जमालनं आणला. जमाल चितगावचा. सव्वीस वर्षं पप्पांबरोबर काचेचं दुसरं टोक धरणारा. क्रिस्टीनानं झगा अंगावर चढवला. पप्पा सहा फुटी, ती जेमतेम पाच. झगा बरोबर तिच्या घोट्यापाशी थांबला. जमालनं आखूड केला असणार. विचारायला वेळ नव्हता.

"काढ तो," ग्लेन म्हणाला. "शाल गुंडाळ. यल्ला, चल लवकर."

तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. हॉस्पिटलमधले शेवटचे दोन दिवस पप्पा एकच सांगत होते, मला उभं कर. ती मात्र "झोपा ना पप्पा" म्हणत त्यांचे खांदे गादीवर दाबत राहिली होती.

"असू दे. असाच जाते."

"आणि मरणार कशी?"

"बघू."

पडदा उघडला. चार दरबारी राजाला गुंडाळायला रजया घेऊन सरकले. "मला शिवू नका," ती म्हणाली, "मी फुटेन." आता खाली बसायचं होतं. पट्ट्या वाकल्या नाहीत. "बस ना खाली!" दरबारी झालेला शेरविन दातांतल्या दातांत पुटपुटला. पहिल्या रांगेत मम्मीचे काळे कपडे दिसले आणि पुढचं वाक्य डोक्यातून पुसलं गेलं. पाठ तेवढी ताठ होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून जमालची आरोळी आली. वर्कशॉपात दिवसभर घुमते तीच.

"काँच है! खड़ा रखो! रास्ता दो!"

लोक हसले. क्रिस्टीना हसली नाही. पप्पा नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत ते तिला ऐकू आलं. काच आडवी धरायची नाही, आडवी धरली की आपल्याच वजनानं मोडते. उभी धरली तर दारापेक्षा मोठी काच दोन माणसं सहज नेतात.

तिनं मान वर केली.

"मी काचेचाच आहे," ती म्हणाली. हे वहीत नव्हतं. "उभा आहे तोवर फुटत नाही. वाट द्या."

रजया खाली पडल्या. शेरविन बाजूला झाला. राजा पायऱ्या उतरून प्रेक्षकांत आला. लोकांनी पाय आत घेतले, पोरांना जवळ ओढलं. ती मधल्या वाटेनं सरळ चालत राहिली. आधी मम्मी उभी राहिली, मग तिची रांग, मग अख्खं सभागृह. ती मागच्या दाराशी पोचली तरी टाळ्या थांबल्या नव्हत्या.

दाराशी जमाल बाहीनं डोळे पुसत होता.

"जमालभाई, झगा आखूड केलात ते बरं झालं. नाहीतर पायात येऊन पडले असते."

"हम तो कुछ नहीं काटा, दीदी," जमाल म्हणाला. "सेबॅस्टियनभाई जनवरी में ही माप दिया था. घर से तुम्हारा कुर्ता लेके आया था, नापने को."