सगळ्यात खालचं बटण

मतदानाच्या दिवशी श्यामकांतांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते मुलीच्या मागे लागले. "राजसी, आवर. नंतर गर्दी होते."

"हा तुमचा कितवा नवा माणूस, बाबा?"

"तिसरा."

"पहिला आता काळ्या काचांच्या गाडीतून फिरतो."

"आणि दुसरा त्याच्या शेजारी बसतो. माहीत आहे मला," ते चपला शोधत म्हणाले. "पण सनी तसा नाही गं."

"हे मी दोनदा ऐकलंय."

"मग तिसऱ्यांदा ऐक. काय बिघडतं?"

सनी मोरिवली गावातला. सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. गेल्या उन्हाळ्यात जळत्या कचऱ्याचा धूर घराघरांत शिरू लागला, तेव्हा त्याने आपला टेम्पो कचरा टाकायला येणाऱ्या डंपरांपुढे आडवा लावला आणि अकरा तास तिथेच बसून राहिला. त्यानंतर आठवडाभर श्यामकांत गॅलरीचं दार उघडं ठेवून झोपले. कारखान्यात तीस वर्षं शिफ्टा काढलेल्या माणसाला त्याचं फार अप्रूप वाटलं. सनी नगरपालिकेला अपक्ष उभा राहिला आणि त्याला शिट्टी हे चिन्ह मिळालं. सत्तरी ओलांडलेले श्यामकांत गळ्यात शिट्टी अडकवून पार शिवमंदिरापर्यंत दारोदार फिरले.

पालिकेच्या शाळेत बायकांची रांग लांब होती. आत गेल्यावर सनीच्या नावासमोर राजसीचं बोट थांबलं. मागच्या वेळचे बाबा तिला आठवले. त्या दुसऱ्या माणसाच्या गळ्यात सत्ताधाऱ्यांचं उपरणं पडताना त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं आणि मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला होता. पुढे महिनाभर ते जेवताना बोलले नव्हते. तिने बोट खाली नेलं आणि सगळ्यात खालचं बटण दाबलं. वरीलपैकी कोणीही नाही.

ते फाटकाशी वाट बघत उभे होते.

"दिलंस?"

"हो."

"शिट्टीला?"

"हो, बाबा."

त्यांनी तिथूनच सनीला फोन लावला. "आमच्या घरची दोन धर रे. राजसीचं मिळालं म्हणजे पोचलास तू. ही उल्हासनगरच्या कॉलेजात पोरांना अर्धा मार्क फुकट देत नाही." येताना त्यांनी पावशेर जिलबी घेतली आणि तिने डोळे वटारले तरी त्यातली निम्मी रस्त्यातच संपवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मतमोजणी सुरू व्हायच्या आधी, ते झोपेतच गेले.

सनी चारशे मतांनी पडला. मोजणी अर्ध्यावर सोडून तो स्मशानात आला होता, खांदाही दिला होता. पण त्या दिवशी कोणाचंच बोलणं झालं नाही. तेरावा झाल्यावर एका दुपारी तो घरी आला आणि सोफ्याच्या कडेला टेकला.

"ताई, एक विचारायचंय. काका असते तर त्यांनाच विचारलं असतं."

"बोल ना."

"वरून बोलावणं आलंय. जिंकले ना, त्यांचं. बोलतात, तुला स्वीकृत नगरसेवक करतो. मतं नको, प्रचार नको, डायरेक आत. फक्त उपरणं घालून एक फोटो काढायचा."

"आणि धुराचं काय?"

"तेच तर. बाहेरून टेम्पो किती दिवस आडवा लावणार? आत गेलो तर डंपरांच्या कागदावर कोण सही करतं ते तरी कळेल. पोरं बोलतात, जा. आई बोलते, उंबऱ्यात घेणार नाय." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. "माझं डोकंच चालत नाय. तुम्ही सांगा, ताई. तुम्ही मत दिलंय मला. हरलो तेव्हा काकांचं फोनवरचं तेच बोलणं धरून बसलो होतो. बोललो, राजसीताईने दिलं, म्हणजे आपल्यात काहीतरी असेल."

राजसीने चहा आणला. 'नको जाऊस' एवढं म्हटलं असतं तरी तो गेला नसता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण त्याने ऐकलं असतं ते तिने न दिलेल्या मताच्या जोरावर. तिने कप त्याच्या हातात दिला आणि ती समोर बसली.

"सनी, मी तुला मत दिलं नाही."

तो कप तसाच धरून राहिला.

"कुणालाच दिलं नाही. बाबांना खोटं सांगितलं. मला वाटलं, हाही एक दिवस उपरणं घालेल आणि बाबा पुन्हा महिनाभर गप्प बसतील."

खाली पंप सुरू झाला. सनीने सवयीने कान दिला, मग मान खाली घातली.

"म्हणजे या घरातनं एकच," तो म्हणाला.

"एकच. बाबांचं." तिने त्याच्या हातातला गार झालेला चहा काढून घेतला. "जायचं की नाही, तूच ठरव. ते मत परत मागायला बाबा आता येणार नाहीत."