जमादारांचा टोप

तिरडी खांद्यावर चढली आणि बंबाची घंटा घणघणली. विणकर आळी पेटली होती. ह्यांना उचलणारे चौघेही ह्यांच्या हाताखालचे बंबवालेच, जागीच थिजले. "उचललेली तिरडी दारात टेकवत न्हाईत!" चुलतसासरे गरजले. "वैनी, जमादारांना टाकून कसं जायचं?" चौघांतला रावजी पुटपुटला. "ह्यांना आता कसली घाई हाय? तिकडं पोरं अडकली असतील. ठेवा खाली!" मी ओरडले. ह्यांच्या छातीवरचा पितळी टोप मीच रावजीच्या डोक्यावर चढवला. दोन वर्षं हे खाटेवर खोकत होते आणि मी टोप चिंचेनं घासत होते. "लई चमकवू नको," म्हणायचे, "जमादार घरी बसलाय, हे चमकेवरनंच लोकांना कळतं की." दुपार कलल्यावर चौघे परतले, आळी वाचली होती. टोप काळाकुट्ट, अजून कोमट. जावेनं चिंच आणली. मी तिचा हात मागं सारला, टोप तसाच ह्यांच्या छातीवर ठेवला. "आता उचला."