दारातला झाडू

झाडू आजही आतल्या खोलीच्या दारात आडवा पडला होता. चहाला आलेल्या आपल्या बहिणीसमोरच पोस्टमनच्या बायकोनं तो उचलला. "आमच्या सूनबाईंचं हे असं. कितीदा सांगितलं, वाटेत टाकू नकोस. वळण म्हणून नाही."

सून मान खाली घालून कप भरत राहिली. बायको झाडू स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून आली.

आतल्या खोलीत शर्टाची बटणं लावत बसलेल्या निवृत्त पोस्टमनना सगळं ऐकू गेलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाडू त्यांनीच टाकला होता.

कंपवात झाल्यापासून हात थरथरायचे, पण ते खिशात लपवता यायचे. पायांचं काय करणार? खोलीत बरे चालायचे आणि चौकटीत आले की जमिनीला चिकटून बसायचे. जन्मभर दारोदार पत्रं वाटत फिरलेला माणूस, आणि आता स्वतःच्या दारातून निघेना. कुणी बघितलं की ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचं सोंग करायचे. मग एकदा दाराआडचा झाडू धक्का लागून आडवा पडला, आणि गंमत म्हणजे तो ओलांडायला पाय आपसूक उचलला गेला. तेव्हापासून ते रोज झाडू हळूच आडवा करत आणि ओलांडून जात. वाकता येत नसे, म्हणून तो तिथंच राही. बोलणी सून खायची. हे समोर बसून चहा प्यायचे.

आज त्यांना बसवेना. ते उठले, दारापर्यंत आले आणि अडकले. कॅलेंडर समोरच होतं. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

"झाडू मी टाकतो," ते म्हणाले. आवाजही हल्ली बारीक झाला होता. "तो असला की पाय उचलतो, नाहीतर नाही. तिला बोलू नकोस."

सून उठली, झाडू घेऊन आली आणि तिनं तो त्यांच्या पायांपुढे आडवा ठेवला. त्यांना तिच्याकडे बघवेना.

"पोरी, एवढं ऐकून घेतलंस. एकदा तरी म्हणायचंस, मी नाही टाकत म्हणून."

"मग आईंनी विचारलं असतं, कोण टाकतं," ती हळूच म्हणाली. "आणि बाबा, आई रोज तो खिळ्याला अडकवून येतात. तुमच्या दाराआड काय तो आपल्या पायांनी चालत यायचा?"