एकच घास

टेकडीवरच्या मशिदीतून निघताना आम्पारोचा रुमाल कपाळावरच्या केसांपर्यंत असे. पायऱ्या उतरताना तो दोन बोटं मागे सरके. नदीकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत डोक्याच्या मागच्या उतारावर येई, आणि खाली चौकाजवळ पोचेपर्यंत गळ्यात. थंडीत ग्रानादातल्या कुठल्याही बाईच्या गळ्यात असतो, तसाच मग तो दिसे.

आजही तो गळ्यात आला होता. मागून सुवर्नो आणि त्यांची बायको, लास्त्री, चालत होते. इंडोनेशियाहून आलेल्या या म्हाताऱ्या जोडप्याला आम्पारो शहर दाखवत होती: सुलतानांचे महाल, हमामखाना, हलाल जेवणाच्या जागा. सकाळी ती लास्त्रींच्या खांद्याला खांदा लावून नमाजाला उभी राहिली होती.

"ढोल वाजतोय," सुवर्नो म्हणाले. "कुणाचं लग्न आहे काय?"

"शहराचा सण आहे. आपण मागच्या गल्लीनं जाऊ. जेवण गार होईल."

"जेवण गरम करून मिळतं. सण कुठून मिळणार?" ते ढोलाच्या दिशेने चालू लागलेसुद्धा.

"ढोल बरा ऐकू येतो ह्यांना," लास्त्री म्हणाल्या. "मी हाक मारली की बहिरे."

कसला सण, ते आम्पारोने सांगितलं नाही. पाच शतकांपूर्वी याच दिवशी शेवटच्या सुलतानाने शहर कॅथलिक राजाराणीच्या हवाली केलं, त्याचा हा विजयोत्सव होता. ढोल वाजवणाऱ्यांत तिचे वडील होते, हेही तिने सांगितलं नाही. आणि आपण मुसलमान झालो, हे तिने वडिलांना सांगितलं नव्हतं. ईदला सांगू, नाताळ उलटल्यावर सांगू, असं करत वर्षं गेली होती.

चौक तुडुंब भरला होता. सज्ज्यातून एकाने झेंडा फिरवला आणि ओरडला, "ग्रानादा!"

"काय?" चौक गरजला.

"ग्रानादा!"

"काय?"

सुवर्नोंचा चेहरा उजळला. त्यांच्या गावीही असंच चाले: एकाने हाक द्यायची, सगळ्यांनी उत्तर द्यायचं. आरोळ्या संपल्या आणि क्षणभर चौक शांत झाला. त्यांनी मूठ उंचावली आणि आनंदाने हाक दिली, "तकबीर!"

"अल्लाहु अकबर!" लास्त्रींच्या तोंडून सवयीने निघालं.

जवळची डोकी वळली. पहिलं आलं ते रस्त्यावरच्या झाडाचं कडू संत्रं. ते सुवर्नोंच्या छातीवर आदळून उसळलं. इथली रीत असेल, असं वाटून ते हसले. मग बाटली आली. ती त्यांच्या कानाच्या वर फुटली.

ते पडले तसे बूट आले. बरगड्यांवर, पाठीवर, डोकं झाकणाऱ्या हातांवर. एक बोट मोडल्याचा आवाज आम्पारोला स्पष्ट ऐकू आला. तिने मिटलेली छत्री दोन्ही हातांनी धरली आणि समोरच्या पोराच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. त्याची भुवई फाटली. मागून कुणीतरी तिचा रुमाल खेचला. गळ्याला फास बसला आणि ती गुडघ्यांवर आली. लास्त्री नवऱ्यावर आडव्या पडल्या होत्या. एक लाथ त्यांच्याही पाठीत बसली. पोलीस गर्दीच्या पलीकडे, सज्ज्याकडे तोंड करून उभे होते.

"सोडा तिला!"

ढोलाच्या टिपरीने माणसं बाजूला सारत तिचे वडील, रुफिनो, आत घुसले. रुमाल धरणाऱ्याच्या मनगटावर त्यांनी टिपरी हाणली. "माझी मुलगी आहे ती! डोळे फुटलेत काय?"

"रुफिनोकाका, ही तर ह्यांच्या बाजूनं मारत होती!"

"ती त्यांच्यातली नाही. पाहुण्यांना हिंडवते, पोटासाठी."

भुवई फाटलेल्या पोराने बाहीला रक्त पुसलं. खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढला. आत डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप होते.

"मग एक घास खा म्हणावं, आणि जा. ह्या दोघांचं आम्ही बघतो."

"अरे, तिला ते सोसत नाही," रुफिनो म्हणाले. "पोट नाजूक आहे तिचं. कित्येक वर्षं तिची आई तिच्यापुरतं वेगळं..."

ते थांबले. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

रुफिनोंनी मुलीकडे पाहिलं. मग पाव हातात घेऊन त्याचा लहानसा तुकडा मोडला आणि लहानपणी भरवायचे तसा तिच्या तोंडाशी नेला.

"खा, पोरी. एकच घास. मग घरी जाऊ. मी काही म्हणजे काही विचारणार नाही."

नवऱ्याच्या डोक्यावर तळहात दाबून बसलेल्या लास्त्रींनी मान वर केली. त्यांच्या बोटांमधून रक्त येत होतं. बोलणं कळलं नव्हतं, तरी पाव आणि मांस त्यांना दिसत होतं.

"खा गं," त्या हळूच म्हणाल्या. "जिवावर बेतलं की माफ असतं."

मांसाचं मीठ आम्पारोच्या ओठाला लागलं. तिने वडिलांचं मनगट धरलं आणि घास खाली केला.

"पापा, माझ्या पोटाला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मी मुसलमान आहे."