मधला दांडा

मुलांनो, ओहायोतल्या एका लहान गावाची पेठ डोळ्यांसमोर आणा. सगळ्या दुकानदारांनी पेठेच्या सुधारणेसाठी जादा कर भरून तिथे नवी बाकं बसवली होती. बेघर ऑरव्हिलला त्यांवर आडवं होता येऊ नये, म्हणून बेकरीवाल्या मार्लीनने प्रत्येक बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा लावायला सुचवलं होतं.

उद्घाटनाला तिच्या लेकीने, टेसाने, मोठ्याने विचारलं, "आई, हा दांडा कशाला गं?"

"सांग की आता, मार्लीन!" शेजारचा न्हावी हसला.

मार्लीनची मान खाली गेली. "अगं... दोघांना हात टेकायला," ती पुटपुटली.

टेसा धावत समोरच्या पायरीवर बसलेल्या ऑरव्हिलकडे गेली आणि त्याचा हात ओढत म्हणाली, "काका, चला ना! आईने आपल्या दोघांना हात टेकायला दांडा लावलाय!"