एकाच भुलीत

विमा कंपनीचा दुसऱ्यांदा नकार आला तेव्हा डॉ. वेड हॅमरिक यांनी पत्र वाचून ट्वायलाकडे सरकवलं. त्यांच्या दवाखान्यातले विम्याचे कागद ट्वायला बावीस वर्षं सांभाळत होती.

“एका दगडात दोन पक्षी मारले, की कंपनी एकाच पक्ष्याचे पैसे देते,” ती म्हणाली. “दुसरा म्हणे आपला आपण मेला.”

डॉक्टरांना हसू आलं नाही. बाहेर व्हर्ना स्टॅलनेकर बसल्या होत्या, एल्किन्स गावच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या. पित्ताशयात खडे, पोटावर हर्निया आणि फुप्फुसं इतकी अधू, की भूलतज्ज्ञाने बजावलं होतं, मी भूल एकदाच देईन. कंपनीचं म्हणणं, आता पित्ताशय काढा, हर्नियाचं तीन महिन्यांनी बघू. दुसऱ्या भुलीतून बाई जाग्या होतील याची खात्री कुणालाच नव्हती.

अडीच वाजता कंपनीच्या डॉक्टरांचा फोन ठरला होता. नकाराखाली सही त्यांचीच होती, डॉ. ऑसगुड.

“आवाज चढवू नका हं,” ट्वायला म्हणाली. “दात-ओठ खायचे तर फोन ठेवल्यावर खा.”

फोन आला, ट्वायलाने तो स्पीकरवर टाकला. ऑसगुड अर्ध्या वाक्यात थांबायचे, मग पुढे जायचे. ‘यांना नाही म्हणायलाही विश्रांती लागते,’ असं ट्वायलाने कागदावर लिहून दाखवलं.

“दोन्ही एकदम करायला... किती वेळ भूल?”

“पावणेदोन तास.”

“आणि अशा फुप्फुसांचे पेशंट... किती केलेत?”

“अकरा. अकराही आपल्या पायांनी घरी गेले.”

“तुमच्या घरचं कुणी असतं तर?”

“तर परवानगी मागायला थांबलोच नसतो.”

“आम्ही नाहीच म्हटलं... तर?”

हॅमरिक उभे राहिले. ट्वायलाचा सल्ला केव्हाच हवेत विरला होता.

“तरी दोन्ही करणार. एकाचे पैसे सोडेन, बाईंना सोडणार नाही. आणि मग वर्षभर तुमच्याशी भांडत बसेन. मला कंटाळा येत नाही, विचारा कुणालाही.”

ट्वायलाने कपाळाला हात लावला.

तिकडून नुसती धाप ऐकू येत होती. आपण रागाच्या भरात बाईंचं वाटोळं केलं, असं वाटून हॅमरिक बाहेर जाऊन काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागले.

“डॉक्टर, व्हर्ना स्टॅलनेकर यांची मंजुरी मी... आज सकाळी नऊलाच पाठवलीय,” ऑसगुड म्हणाले. “माझीही फुप्फुसं... तशीच. माझ्या स्वतःच्या दोन ऑपरेशनांना मात्र आमच्याच कंपनीने काल नकार दिला. तुमच्याकडे... पुढची तारीख कधीची आहे?”