वाजणारे ठोसे

बॉक्सिंग शिकवणारे बाबा हातांना जाड पॅड चढवून स्वतःच्या दोन्ही मुलांचे ठोसे झेलायचे. धाकट्याची पाळी आली की त्यांचं पॅड आपणहून ठोशाला सामोरं जायचं. फट्! अख्खा हॉल वळून बघायचा. "हात आहे की हातोडा!" म्हणत बाबा छाती फुगवायचे.

थोरलीची पाळी आली की तेच पॅड ऐनवेळी बाजूला सरकायचं, आणि तिचा हात जरा खाली आला की थेट गालावर बसायचं. "मुलीच्या जातीला सोसायची सवय हवी."

स्पर्धेत अर्थातच धाकटा उतरला. पण समोरच्याचं तोंड काही ठोशाला सामोरं येईना. पहिल्याच फेरीत साहेब आडवे!

परतताना बाबा कधी नव्हे ते हळू आवाजात थोरलीला म्हणाले, "चुकलंच माझं. खरी तयार झालीस ती तूच. पळतं पॅडही गाठतेस, गाल कधी उघडा टाकत नाहीस." एवढं ऐकायला तिचे कान आसुसले होते. तिचे डोळे भरून आले.



बाबांनी पिशवीतून दोन्ही पॅड काढून तिच्या हातात दिली. "उद्यापासून धाकट्यासाठी तू धर."